पी ११३१ आणि बंद काचा

३ जानेवारी

आप्पा आज पुन्हा जिन्यात बसले. व्हॅन खाली लावून वर येताना, पहिल्या मजल्यावरच. हाक मारली तर मान वर केली, पण नजर माझ्यावर यायला वेळ लागला. डोळे लाल. हात धरून वर आणलं. मोरीत ओकले आणि भिंतीच्या आधाराने पलंगापर्यंत गेले.

आई ताट वाढून उभी होती. तिने ताट उचललं, ओट्यावर नेऊन झाकलं. आप्पा पडल्या पडल्या म्हणाले, "मी पेयेल नई शे." आई माझ्याकडे वळली. मला म्हणाली — तेव्हाही हेच म्हणायचे.

तेव्हा म्हणजे मी दहावीला जाईपर्यंत. आप्पा डाइंग मिलमध्ये होते आणि पगाराच्या दिवशी दारूची पोटली घेऊन यायचे. गुजरातेत दारूबंदी आहे हे मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं. आमच्या भेस्तानात पोटली कुठे मिळते ते त्याआधीच माहीत होतं. मग त्यांनी सोडली. मिलही सोडली, व्हॅन घेतली. सचिन गावातल्या एका कारखान्यात साड्यांची घडी-पॅकिंग करणाऱ्या बायकांना ते रोज नेतात, आणतात. इतकी वर्षं सगळं नीट चाललं होतं.

नोंद म्हणून — मी तोंडाजवळ गेले होते. दारूचा वास नव्हता. पण तेव्हाही नसायचा. वेलची चघळायचे.

४ जानेवारी

आई आप्पांशी बोलत नाही. मीही.

६ जानेवारी

मी काम करते त्या वर्कशॉपमध्ये एक काका फोनवरचा फोटो घेऊन आले. इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून कुणीतरी मोबाइल जोडून कोड वाचला होता. कोडखाली लिहिलं होतं : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी. काका घाबरलेले, धूर स्वच्छ करणारा तो महागडा भाग आख्खा बदलावा लागेल म्हणून. "आ जुओ बेन, आखुं बदलवुं पडशे?"

मी आमचा स्कॅनर लावला. कोड तोच, अर्थ वेगळा. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे नेणारी एक नळी सैल होती. बसवली. संपलं.

हे रोज कुणाला तरी समजवावं लागतं, आज इथे लिहूनच ठेवते. पी शून्यने सुरू होणारे कोड बहुतेक सगळ्या गाड्यांना सारखे. पी एकने सुरू होणारे ज्या त्या कंपनीचे स्वतःचे. आकडा एकच, पण एका कंपनीत त्याचा अर्थ सेन्सर, दुसरीत नळी, तिसरीत आणखी काही. म्हणजे शाळेतली मराठी आणि आमच्या घरची अहिराणी. पुस्तकातून अहिराणीचा अर्थ लावायला गेलं की घोटाळा.

काका म्हणाले, म्हणजे हे ॲप खोटं बोलतं? मी म्हटलं, "खोटं नाही. दुसऱ्याच्या गाडीबद्दल खरं."

जयंत सर मागे उभे होते. वर्कशॉप त्यांचं. म्हणाले, धनश्री, हे वाक्य भिंतीवर रंगवून घेऊ, तुझा घसा वाचेल. ते कौतुक करतात तेव्हा काय करायचं असतं ते मला कळत नाही. मी पुढची गाडी घेतली.

८ जानेवारी

सकाळी आप्पा व्हॅन काढताना मी खालीच होते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा! विचारलं. गेल्या चार दिवसांतलं माझं पहिलं वाक्य — दिवा कधीपासून? म्हणाले, येतो-जातो. सखाराम बघतो आहे.

सखाराम काका आप्पांच्या गावचे, अमळनेरकडचे. भेस्तानात कालव्याशेजारी त्यांचं गॅरेज आहे. गाववाल्याने हात लावलेली गाडी दुसऱ्याकडे न्यायची नसते. मुलगी रोज दहा गाड्या स्कॅन करत असली तरी नाही. नेली तर तो गाववाल्याचा अपमान, आणि ती गोष्ट गावापर्यंत पोहोचते.

मी बरं म्हटलं.

११ जानेवारी

रविवार. डबा द्यायला म्हणून सखाराम काकांच्या गॅरेजवर गेले. व्हॅन तिथेच होती. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट वर उचलली की समोर इंजिन. सीट उचललेली होती आणि काका फोन हातात घेऊन कोड वाचत होते.

"ये, इंजिनेर बाई," म्हणाले. "तुमनाकडे कॉम्प्युटर बोलस आनि मानूस ऐकस. आमनाकडे उलटं शे."

कोड पी ११३१. ॲपमध्ये खाली लिहिलेलं : ऑक्सिजन सेन्सर, अंतर्गत रोध जास्त. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला काकांनी नवा सेन्सर टाकला. दिवा परत आला. तेव्हा सेन्सर डुप्लिकेट निघाला असणार असं ठरलं, आणि आता दिवा लागला की काका ॲपवरून उडवून देतात. मी विचारलं, ॲपमध्ये गाडीची कंपनी कुठली निवडली? निवडायची सोयच नव्हती. फुकटचं ॲप. काका म्हणाले, गाडी म्हणजे गाडी.

मी म्हटलं, हा पी एकचा कोड आहे, कंपनीच्या यादीत बघावा लागेल. सेन्सरचा नसेलही.

काका हसायचे थांबले. "मंग मी इतला वरीस काय करी राहिनू?"

आप्पा जमिनीकडे बघत होते. चेहरा पिवळट. मी डबा ठेवला आणि निघाले.

१२ जानेवारी

कंपनीच्या यादीत पाहिलं. आमच्या व्हॅनसाठी पी ११३१ : मिश्रण पातळ, इंधन कमी. म्हणजे सेन्सर बिघडलेला नाही. त्याला धुरात जास्त हवा दिसते आहे आणि तो तेच सांगतो आहे. ती हवा येते कुठून, हा प्रश्न.

आप्पांना सांगायला हवं. पण बोलणं बंद आहे. गाडी चालते आहे. बघू.

१५ जानेवारी

काल उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, आज वासी उत्तरायण. कारखाना दोन्ही दिवस बंद. सगळी बिल्डिंग गच्चीवर. आप्पा सकाळपासून पतंग उडवत होते. फिरकी मंगलाबाईंच्या हातात — त्या आमच्याच मजल्यावर राहतात आणि आप्पांच्याच व्हॅनने कामाला जातात. समोरच्या गच्चीवरच्या पोरांचे पतंग आप्पांनी एकामागून एक कापले. उंधियू दोनदा मागून घेतलं. डोळे स्वच्छ. पाय स्थिर. जिना धडाधड उतरले.

आई मला हळूच म्हणाली — दोन दिवस घरात डांबले गेले, मिळाली नाही, म्हणून.

मलाही तेच वाटलं. व्हॅन बंद, आप्पा ठीक. व्हॅन घेऊन बाहेर गेले की पितात. निष्कर्ष सरळ दिसतो.

१७ जानेवारी

संध्याकाळी कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन. आप्पांनी उचलला नाही म्हणून आईला. आज सकाळी सचिनच्या नाक्यावर व्हॅन डिव्हायडरला घासली. कुणाला लागलं नाही. पण दोन बायका म्हणाल्या, ड्रायव्हर पिऊन चालवतो. शेठ दुसरी गाडी बघतो आहे. आठवडाभर बघू, म्हणाला. पुन्हा काही झालं तर गाडी बंद आणि पोलिसात तक्रार. इथे दारूची तक्रार म्हणजे नुसता ठपका नाही, लॉकअप.

आई फोन ठेवून आप्पांसमोर उभी राहिली. इतक्या दिवसांत त्यांच्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य, "आते कारखानामा बी समजनं."

आप्पांनी चप्पल घातली आणि बाहेर गेले. उशिरा आले.

१८ जानेवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

मंगलाबाई सकाळीच आल्या. सुपरवायझरचा फोन आल्याचं त्यांना कळलं होतं. आप्पा झोपलेले. त्या आईसमोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, ज्या दोघी बोलल्या त्या अगदी मागे बसतात, त्यांना काय दिसतं? मी पुढे बसते, रामदासभाऊंच्या शेजारी, जाताना आणि येताना. माणूस पीत नाही.

आई म्हणाली, मग डोळे लाल, चक्कर, ओकारी — ते काय?

मंगलाबाई म्हणाल्या, "डोकं तर माझंपण फुटतं. परवा कारखान्याच्या दारातच ओकले मी. मग मीपण पिते काय?"

आईला हसू आलं. मला नाही. मी भांडी पुसत होते, ती खाली ठेवली. विचारलं, कधीपासून? थंडी पडल्यापासून. काचा उघड्या असतात? नाही, सकाळी गारठा असतो, मागच्या ओरडतात, सगळ्या काचा बंद. मागे बसणाऱ्यांचं डोकं दुखतं? थोडं. पुढे बसणाऱ्यांचं? जास्त. सुट्टीच्या दिवशी? नाही.

पुढची सीट. सीटखाली इंजिन. सेन्सरला दिसणारी जास्तीची हवा. धुराच्या नळीत सेन्सरच्या आधी कुठेतरी फट असेल तर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते — सेन्सर म्हणतो इंधन कमी — गाडीचा कॉम्प्युटर इंधन वाढवतो — धूर आणखी विषारी होतो — आणि दाबाच्या पुढच्या ठोक्याला त्याच फटीतून बाहेर येतो. सीटखाली. काचा बंद.

कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोक जातो, जीभ जड होते. बघणाऱ्याला वाटतं, प्यायला आहे.

हे मला सोमवारीच कळायला हवं होतं. यादी समोर होती.

आप्पांना उठवलं. सांगितलं, उद्या व्हॅन आमच्या वर्कशॉपमध्ये येणार आणि बायका उद्या रिक्षाने जातील. ते उठून बसले. पहिला प्रश्न — सखारामला काय वाटेल?

मी म्हटलं, त्यांनाही घेऊन चला.

१९ जानेवारी

व्हॅन मी नेली. चारही काचा उघड्या. सखाराम काका मागे, हाताची घडी. आप्पा शेजारी. उधन्याला वर्कशॉपमध्ये पोहोचलो.

जयंत सरांनी काकांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि व्हॅन माझ्यावर सोपवली. स्कॅनर लावला. पी ११३१. चालू आकडे : कॉम्प्युटर नेहमीपेक्षा जवळजवळ चौथा हिस्सा इंधन जास्त ओततो आहे. नवा सेन्सर एकदम ठणठणीत. ते मी काकांकडे बघून मोठ्याने सांगितलं. डुप्लिकेट नव्हता.

सीट उचलली. इंजिनाला धुराची नळी जोडलेली असते तिथलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, एका कोपऱ्यात फाटलेलं. भोवती काजळीचा काळा पंखा. आणि सीटच्या झाकणाच्या कडेने जे रबर असतं — इंजिनाकडची हवा आत येऊ नये म्हणून — ते जागेवर नव्हतंच.

रबर कुठे गेलं? काका खुर्चीवरून उठून वाकून बघू लागले. मग म्हणाले, सेन्सर टाकताना ते तुटलं होतं. लोंबत होतं. काढून फेकलं. रबर तर होतं!

म्हणजे फट जुनी. कोड तिच्याबद्दलच बोलत होता. ॲपने दुसऱ्या कंपनीचा अर्थ दाखवला, म्हणून चांगला सेन्सर काढला, आणि तो काढताना शेवटचा अडसरही निघाला.

धूर तपासायच्या मशीनचं टोक ड्रायव्हरच्या सीटजवळ ठेवलं. काचा बंद, इंजिन चालू, आम्ही सगळे बाहेर. आकडा शून्यावर राहायला हवा होता. ०.०३ वर जाऊन थांबला. शंभरात ०.०३ — वाचायला काहीच नाही. जयंत सरांनी आकडा पाहिला, आत हात घालून इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "हे कोणी रोज श्वासात घेत होतं?"

आप्पांनी हात थोडासा वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा.

सखाराम काका नळाजवळ गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. परत आले तेव्हा आप्पांना इतकंच म्हणाले, "रामदास, मी रोज दिवा उडवत व्हतू रे."

गॅस्केट त्यांच्याच हाताने बसवून घेतलं. मला तसंच योग्य वाटलं.

२० जानेवारी

नवं रबर. पुन्हा मशीन लावलं. शून्य. कोड मी उडवलेला नाही. दुरुस्ती खरी असेल तर काही फेऱ्यांनंतर गाडी दिवा स्वतःच घालवेल. उडवलेला दिवा आणि गेलेला दिवा यांत फरक असतो.

आप्पांना आणि मंगलाबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आता रक्तात काही सापडणार नाही, ते निघून जातं. पण वेळेत कळलं. थकवा, डोकेदुखी काही आठवडे राहू शकते. घाबरू नका.

२२ जानेवारी

दिवा गेला. आपोआप!

सचिनला जाऊन शेठला भेटले. मशीनच्या आकड्याचा व्हिडिओ दाखवला, आधीचा आणि नंतरचा. मंगलाबाई त्या दोन बायकांना घेऊन दारात उभ्या होत्या. त्या दोघी साडीची घडी घालता घालता म्हणाल्या, आम्हाला काय माहीत. शेठने सुपरवायझरकडे पाहिलं. व्हॅन चालू राहील.

२४ जानेवारी

आईने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या. आप्पांचं ताट आधी वाढलं. मग त्यांच्याकडे न बघता, "डोकं दुखस का आते?"

आप्पा म्हणाले, नई.

एवढंच. पण ती त्यांच्या शेजारी बसून जेवली. नंतर फोनवर मावशीला सगळं सांगत होती, गॅस्केट हा शब्द अगदी बरोबर म्हणत. आमचे हे निर्दोष निघाले, म्हणाली. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसलेले. आनंद झालेला दिसला नाही. वाटलं, अपमान पचायला वेळ लागतो.

२ फेब्रुवारी

संध्याकाळी आप्पा आले तेव्हा डोळे किंचित लाल. बोलणं संथ. आई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आठवडे लागतात. तिने आल्याचा चहा दिला आणि त्यांचे पाय चेपले. आप्पांनी पाय मागे घेतले.

५ फेब्रुवारी

व्हॅन पुन्हा वर्कशॉपमध्ये नेली. काचा बंद, मशीन सीटजवळ. शून्य. स्कॅनरमध्ये एकही कोड नाही. इंधनाचे आकडे जिथे हवेत तिथे. मंगलाबाईंना विचारलं — दुरुस्तीनंतर डोकं एकदाही दुखलेलं नाही. त्या हसून म्हणाल्या, मी सोडली गं.

त्यांचं थांबलं. आप्पांचं नाही. सीट शेजारशेजारची, हवा तीच.

आईला काही बोलले नाही. ती खूश आहे.

८ फेब्रुवारी

रविवार. व्हॅन धुवायला घेतली. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. वेलचीची सालं.

आप्पा बादली घेऊन मागे उभे होते. त्यांनी पाहिलं, मी पाहिलेलं. विचारलं, कधीपासून? त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "आधी नई पेयेल, धनू. खरंच. सुपरवायझरना फोन वना, त्या दिनपाइन पेवाले लागनू. सर्वा म्हनतच व्हतात." म्हणजे सतरा तारखेपासून. बायकांना घरी सोडल्यावरच घेतो, म्हणाले. गाडीत कधी नाही.

मी किल्ली मागितली. त्यांनी दिली.

आईला संध्याकाळी आप्पा स्वतः सांगणार आहेत. मी शेजारी असेन. उद्या सकाळी बायका कोपऱ्यावर उभ्या राहतील. जयंत सरांकडे रजा मागून, मिळेल तितके दिवस सकाळ-संध्याकाळ व्हॅन मी चालवेन. आप्पा मंगलाबाईंच्या जागेवर बसतील, पुढे, माझ्या शेजारी. सचिनपर्यंत रस्ता बराच आहे. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही.